आडनाव भाडे भरत नाही : भाडेकरूची पारख कशी व्हावी आणि कशी होते

जून महिना आला की पुणे, मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर या शहरांत खोल्या शोधणाऱ्या आपल्या मुलामुलींची धावपळ सुरू होते. कोणाला कॉलेज मिळालेले असते, कोणाला पहिली नोकरी. गेली काही वर्षे या दिवसांत मुलांना खोल्या मिळवून देण्याच्या कामात मी असतो. त्यामुळे फोनवरचा एक संवाद मला आता तोंडपाठ झाला आहे.

"फ्लॅट आहे का अजून?"

"आहे ना. काय करता?"

"आयटी कंपनीत आहे. आम्ही दोघं मित्र राहणार."

"चालेल. संध्याकाळी बघायला या. नाव काय म्हणालात?"

मुलगा पहिले नाव सांगतो. "पूर्ण नाव?" असा प्रश्न येतो. आडनाव गावावरून पडलेले असले आणि त्यावरून नीट अंदाज येत नसला, तर "गाव कुठलं?" मग "व्हेज की नॉनव्हेज?" आणि तासाभरात मेसेज, "सॉरी, मालकांच्या नातेवाइकांना द्यायचा आहे." जाहिरात मात्र पुढचे पंधरा दिवस तशीच झळकत राहते.

या संवादात एकदाही कोणी म्हटलेले नसते की तुम्ही बौद्ध आहात म्हणून घर देत नाही. म्हणूनच हा प्रश्न अवघड आहे. मुलगा चिडतो, दोन दिवस समाजमाध्यमांवर लिहितो, मग कुठेतरी वस्तीत किंवा ओळखीच्या माणसाकडे खोली घेतो आणि विषय संपतो. पुढच्या जूनमध्ये दुसरा मुलगा, तोच फोन.

या लेखात मला फक्त अन्यायाचा पाढा वाचायचा नाही. घरमालकाने भाडेकरूची पारख करणे हा त्याचा हक्क आहे. मग ती पारख न्याय्य आणि उपयोगी कशी होईल, कायदा त्यात कुठपर्यंत साथ देतो आणि कुठे हात वर करतो, आणि आज आपल्यापैकी अनेक जण स्वतः घरमालक आहेत, तर आपण काय करतो, या तिन्ही बाजू एकत्र पाहायला हव्यात.

बडोद्याचा नामंजूर भाडेकरू

१९१७ साली बाबासाहेब बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला गेले. शहरात राहायला जागा मिळेना. अखेर पारशी नाव लावून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. जेमतेम दहा-अकरा दिवसांत लोकांना ते कोण आहेत हे कळले आणि काठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला. त्यांनी दोन मित्रांकडे आसरा मागून पाहिला. एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनीही आपापल्या अडचणी सांगितल्या. शेवटी कामाठी बागेत वेळ काढून रात्रीच्या गाडीने ते मुंबईला परतले. आज त्या जागी संकल्पभूमी आहे.

हा प्रसंग आपल्याला पाठ आहे. आपण तो अपमानाची गोष्ट म्हणून सांगतो आणि ते बरोबरच आहे. पण एकदा तो घरमालकाच्या डोळ्यांनी पाहा. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला माणूस. संस्थानची पक्की नोकरी, ठरलेला पगार. एकटा, शांत, निर्व्यसनी, दिवसरात्र पुस्तकांत बुडालेला. भाडेकरू म्हणून कोणत्याही कसोटीवर तपासा, बडोद्यात त्या महिन्यात याहून चांगला भाडेकरू कोणाला मिळाला असता? कसोटी लावलीच गेली नाही. लावली गेली ती फक्त जात. नुकसान बाबासाहेबांचे झाले, तसेच ज्यांना चांगला भाडेकरू हवा होता त्यांचेही झाले.

शंभर वर्षांनंतरही पद्धत तीच आहे, फक्त काठ्यांची जागा "सॉरी"ने घेतली आहे. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली, नोएडा, गुरगाव, फरिदाबाद, गाझियाबाद या पट्ट्यात २०१२ मध्ये भाड्याच्या घरांबाबत अभ्यास केला. तो २०१५ मध्ये इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकलीत प्रसिद्ध झाला. सवर्ण, दलित आणि मुस्लिम घरइच्छुकांना मिळणारी वागणूक त्यात तपासली होती. दलितांना नकार मिळतो, मिळाले तरी जाचक अटींवर मिळते आणि मुस्लिमांची स्थिती त्याहून वाईट आहे, असे त्यात दिसून आले. म्हणजे हा एकट्यादुकट्याचा अनुभव नाही, बाजाराची रीत आहे.

मालकाची काळजी खोटी नसते

आता दुसरी बाजू. आयुष्यभराची पुंजी घालून घेतलेला फ्लॅट अनोळखी माणसाच्या ताब्यात द्यायचा, तर मालकाला धास्ती वाटणारच. घरमालकांशी बोलताना मी त्यांना नेहमी विचारतो की तुम्हाला नेमकी भीती कशाची वाटते? उत्तरे फिरून फिरून पाचच येतात. भाडे वेळेवर येईल ना? घर नीट ठेवतील ना? मुदत संपल्यावर खाली करतील ना? घरात काही बेकायदा चालणार नाही ना? शेजारी तक्रार करणार नाहीत ना?

पाचही प्रश्न रास्त आहेत. पण या पाचांपैकी एकाचेही उत्तर आडनावात नाही. ताटात काय आहे यातही नाही. आडनाव विचारून घर देणाऱ्या मालकांनाही भाडे बुडवणारे भेटतातच. कारण त्यांनी विचारायचे ते विचारलेलेच नसते. "आपल्यातलेच आहेत" एवढ्यावर विश्वास टाकून करारही न करता किल्ली देणारे मालक मी पाहिले आहेत, आणि वर्षभराने तेच वकील शोधत फिरतात. जातीवरून केलेली पारख अन्यायकारक तर आहेच, पण ती पारख म्हणूनही निकामी आहे.

तथागतांनी वसल सुत्तात हेच सांगितले आहे. माणूस जन्माने वसल होत नाही, कर्माने होतो, हा त्याचा गाभा आपण जाणतो. पण कोणते कर्म माणसाला हीन ठरवते याची जी यादी त्या सुत्तात आहे, त्यात ऋण घेऊन, मागायला गेल्यावर "माझे काही देणे नाही" म्हणून पळ काढणाराही आहे. म्हणजे तथागत माणसाची पारख करूच नका असे म्हणत नाहीत. पारख करा, पण वर्तनाची करा, असे म्हणतात. भाडेकरू निवडताना याहून चांगले सूत्र नाही.

न्याय्य पारख : काय विचारावे, काय विचारू नये

पारख न्याय्य करण्याचा पहिला नियम सोपा आहे. कसोट्या आधी ठरवा, कागदावर लिहा आणि येणाऱ्या प्रत्येकाला त्याच लावा. माणूस समोर आल्यावर कसोटी ठरवायला गेलो की मनातला पूर्वग्रह कसोटीचे रूप घेऊन येतो. एकाला तीन महिन्यांची पगारपत्रके मागायची आणि दुसऱ्याला "तुमचं काय, घरचेच आहात" म्हणायचे, हाही भेदभावच.

भाडे परवडेल का, हे पाहण्यासाठी नोकरीचे पत्र, शेवटच्या तीन महिन्यांची पगारपत्रके किंवा बँक खात्याचा उतारा पुरेसा असतो. भाडे उत्पन्नाच्या साधारण एक तृतीयांशाच्या आत असावे, असा एक ठोकताळा आहे. पण तो ठोकताळाच आहे. रिक्षाचालक, फेरीवाला, घरकाम करणारी बाई यांच्याकडे पगारपत्रक नसते, तरी भाडे भरण्याची शिस्त असू शकते. तिथे आधीच्या घराच्या भाड्याच्या पावत्या किंवा खात्यावरच्या नोंदी पाहाव्यात. विद्यार्थ्यांच्या बाबतीत पालकांचे किंवा शिष्यवृत्तीचे कागद पाहावेत.

वर्तन कसे आहे, हे जाणण्याचा सर्वांत चांगला मार्ग म्हणजे आधीच्या घरमालकाशी बोलणे. भाडे वेळेवर येत होते का, घर कोणत्या अवस्थेत परत मिळाले, सांगितलेल्या तारखेला सोडले का, हे तीन प्रश्न पुरेत. भाडेकरूची संमती असेल तर त्याने स्वतः काढलेला पत अहवालही पाहता येतो. पतमापन कंपन्यांनी प्रत्येकाला वर्षातून एक पूर्ण अहवाल मोफत द्यायचा असतो, त्यामुळे भाडेकरूला त्याचा खर्च येत नाही. मात्र ज्याने कधी कर्जच घेतले नाही त्याचा अहवाल कोरा असेल. कोरा म्हणजे वाईट नव्हे.

ओळख पटवण्यासाठी आधार मागितले तर क्रमांकाचे पहिले आठ अंक झाकलेली प्रत चालते. ती आधारच्या संकेतस्थळावरून कोणालाही काढता येते. किती माणसे राहणार, वाहन आहे का, कोणत्या तारखेपासून हवे, किती काळासाठी हवे, हे विचारणे योग्य. जात, पोटजात, धर्म, कोणता सण साजरा करता, भिंतीवर कोणाचा फोटो लावणार, लग्न का झाले नाही, हे विचारण्याचे कारण नाही. जातीचा दाखला तर भाड्याच्या व्यवहारात कोणालाही मागता येऊ नये आणि मागितला तर देऊ नये.

खाण्याबद्दल वेगळे बोलले पाहिजे. "फक्त शाकाहारी" ही पाटी वरवर आहाराची आहे, पण प्रत्यक्षात ती जात आणि धर्म गाळण्याची चाळणी म्हणून वापरली जाते, हे प्रत्येक दलालाला ठाऊक आहे. मालक त्याच घरात राहत असेल, स्वयंपाकघर सामाईक असेल, तर आहाराबद्दल बोलणे समजू शकते. स्वतंत्र फ्लॅटमध्ये, वेगळ्या दाराआड कोण काय शिजवतो, याचा मालकाच्या पाच काळज्यांशी काय संबंध?

शेवटचा मुद्दा क्रमाचा. जो कसोट्यांत बसतो आणि जो आधी आला, त्याला घर. नकार द्यायचा असेल तर खरे कारण सांगा. "तुमचे उत्पन्न या भाड्याला पुरेसे वाटत नाही" हे ऐकायला कडू असले तरी ते माणसाला माणूस म्हणून दिलेले उत्तर आहे. खोटा नातेवाईक उभा करणे हे उत्तर नव्हे.

करार हीच खरी सुरक्षा

भाडेकरू घर बळकावेल, ही भीती सर्वांत मोठी. महाराष्ट्रात तिच्यावर इलाज आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार किंवा लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे. करार अकरा महिन्यांचा असला तरीही. नोंदणी करण्याची जबाबदारी घरमालकाची आहे, भाडेकरूची नाही. नोंदणी केली नाही तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय वाद झाला तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, जोवर उलट सिद्ध होत नाही.

याच कायद्याच्या कलम २४ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर राहणाऱ्याने घर सोडले नाही, तर मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन ताबा मिळवता येतो आणि त्या काळासाठी दुप्पट दराने नुकसानभरपाईही मागता येते. म्हणजे "खाली करतील ना?" या प्रश्नाचे उत्तर नोंदणीकृत करारात आहे. आज ही नोंदणी घरबसल्या ऑनलाइन होते.

भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवणे, यालाही अनेक जण नकाराचे निमित्त करतात. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत पोलीस आयुक्तांच्या आदेशाने ही माहिती द्यावी लागते, आणि तीही ऑनलाइन देता येते. हे माहिती कळवणे आहे, पोलिसांनी भाडेकरू मंजूर करणे नव्हे.

तिसरे निमित्त सोसायटीचे. "माझी हरकत नाही हो, पण सोसायटी ऐकत नाही." सहकारी गृहनिर्माण संस्था म्हणजे जातपंचायत नव्हे. सदस्याने घर भाड्याने देताना संस्थेला कळवावे, कराराची प्रत द्यावी, बिनभोगवटा शुल्क भरावे. हे शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक घेता येत नाही, असे राज्य शासनाचे २००१ चे आदेश आहेत. पण भाडेकरूची मुलाखत घेऊन त्याची जात किंवा ताट तपासण्याचा अधिकार समितीला या व्यवस्थेत कुठेही मिळत नाही. अशी अडवणूक झाली तर फ्लॅटमालकाने स्वतः उपनिबंधकांकडे तक्रार करावी. तो गप्प बसला तर त्याची "हरकत नाही" या शब्दांना अर्थ उरत नाही.

कायदा कुठपर्यंत येतो

आता कार्यकर्त्यांसाठी महत्त्वाचा भाग. संविधानाचे कलम १५ (२) दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले, करमणुकीची ठिकाणे यांत जात-धर्मावरून मज्जाव करण्यास मनाई करते. भाड्याच्या खासगी घराचा त्यात उल्लेख नाही. पण २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत या तरतुदीवर चर्चा झाली, तेव्हा "दुकान" हा शब्द व्यापक अर्थाने वापरला आहे, मोबदला घेऊन सेवा देणारा कोणीही त्यात येतो, असा खुलासा बाबासाहेबांनी केला होता. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या इंडियन मेडिकल असोसिएशन प्रकरणात या व्यापक अर्थाचा आधार घेतला. जो माणूस जाहिरात देऊन, दलाल नेमून, खुल्या बाजारात घर भाड्याने देतो, तोही सेवाच विकतो, हा युक्तिवाद यावरून उभा राहू शकतो. तो जोरकसपणे न्यायालयासमोर नेण्याचे काम आपल्या वकिलांनी हाती घ्यायला हवे.

नागरी हक्क संरक्षण अधिनियम १९५५ तर याहून थेट आहे. त्याचे कलम ४ अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत निवासी जागा बांधण्यास, मिळवण्यास किंवा तिथे राहण्यास अटकाव करणे हा गुन्हा ठरवते. कलम ७ मध्ये बहिष्काराची व्याख्या करताना घर भाड्याने देण्यास नकार देणे, असा स्पष्ट उल्लेख आहे. आणि कलम १२ सांगते की पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची असेल, तर ते कृत्य अस्पृश्यतेच्या कारणावरून झाले असे न्यायालयाने गृहीत धरायचे, जोवर उलट सिद्ध होत नाही. १९९० च्या दुरुस्तीनंतर धर्मांतरित बौद्धांचाही अनुसूचित जातींत समावेश आहे, त्यामुळे हे संरक्षण आपल्याला लागू होते. शिक्षा मात्र किरकोळ आहे. कलम ४ खाली एक ते सहा महिने कैद आणि शंभर ते पाचशे रुपये दंड. कदाचित म्हणूनच हा कायदा अडगळीत पडला आहे.

अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने सामाजिक आणि आर्थिक बहिष्कार हा गुन्हा झाला. आर्थिक बहिष्काराच्या व्याख्येत व्यवहार करण्यास नकार देणे आणि नेहमीच्या व्यवहारात ज्या अटींवर गोष्टी होतात त्या अटींवर त्या करण्यास नकार देणे, हे येते. एका मालकाचा एक नकार या व्याख्येत बसेल का, हे प्रकरणाच्या तपशिलावर अवलंबून राहील. म्हणून जाणत्या वकिलाशी बोलल्याशिवाय या कलमाखाली धाव घेऊ नये. कमकुवत तक्रार फेटाळली गेली की पुढच्या खऱ्या तक्रारीचेही नुकसान होते.

आणि कायदा कुठे थांबतो? २००५ च्या झोरोस्ट्रियन को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी प्रकरणात, अहमदाबादमधील एका संस्थेने सदस्यत्व फक्त पारशांपुरते ठेवण्याचा केलेला उपविधी सर्वोच्च न्यायालयाने वैध धरला. बदल हवा असेल तर तो कायदेमंडळाने करायचा, असा त्याचा अर्थ होतो. २०२१ मध्ये केंद्राने आदर्श भाडेकरू कायदा मंजूर केला. त्यात निवासी घरासाठी अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित केली आहे. पण जात-धर्म पाहून घर नाकारण्याबद्दल तो मौन बाळगतो.

इतर देशांचाही अनुभव असाच आहे. ब्रिटनमध्ये १९६५ चा वंशभेदविरोधी कायदा झाला तेव्हा त्यातून घरे वगळलेली होती. ती १९६८ च्या कायद्यात आली. अमेरिकेत फेअर हाउसिंग अ‍ॅक्ट एप्रिल १९६८ मध्ये झाला, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवडाभरात. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल शहराने जातीवर आधारित भेदभावाला बंदी घातली आणि त्यात घरांचाही समावेश केला. तो ठराव मांडणाऱ्या नगरसेविका क्षमा सावंत मूळच्या पुण्याच्या. सिएटलमध्ये जे आज कायद्याने गैर आहे, त्याविरुद्ध पुण्यात उभा राहील असा तितका स्पष्ट कायदा नाही, ही गोष्ट आपल्याला बोचली पाहिजे.

नकार मिळाल्यावर काय करावे

राग योग्य आहे, पण रागाला पुरावा लागतो. जाहिरातीचा स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा. बोलणे शक्यतो मेसेजवर करा. फोन झाला तर लगेच काय बोलणे झाले ते मेसेजने कळवा, "आपण आत्ता म्हणालात की घर दिले गेले आहे, बरोबर ना?" उत्तर आले तर तो कागद झाला.

अमेरिकेत यासाठी जोडीने चौकशी करण्याची पद्धत रुजली आहे. सारखे उत्पन्न, सारखी नोकरी असलेल्या दोन व्यक्तींनी एकाच घराची चौकशी करायची. एकाला "घर नाही" आणि दुसऱ्याला "या बघायला" असे उत्तर मिळाले तर भेदभाव उघडा पडतो. १९८२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हॅवन्स रिअल्टी खटल्यात अशा कृष्णवर्णीय चौकशीकर्तीला स्वतः दाद मागण्याचा हक्क आहे असे मान्य केले, कारण तिला खोटी माहिती देणे हेच नुकसान आहे. आपल्या संघटनांनी शहराशहरांत अशी चौकशी शिस्तीत, नोंदी ठेवून केली, तर "हे तुमच्या मनाचे खेळ आहेत" असे म्हणणाऱ्यांना उत्तर मिळेल. आडनावाची जोडी बदलून केलेल्या शंभर नोंदी एखाद्या मोर्चाइतकेच बोलतात.

तक्रारीसाठी पोलीस ठाणे, समाजकल्याण खात्याचे सहायक आयुक्त, अनुसूचित जाती आयोग हे मार्ग आहेत. आणि एक पथ्य पाळा. प्रत्येक नकार जातीमुळेच झाला असे धरून चालू नका. सप्टेंबर २०२३ मध्ये मुलुंडच्या एका इमारतीत मराठी महिलेला ऑफिससाठी जागा नाकारल्याचा व्हिडिओ पसरला, तेव्हा सारा महाराष्ट्र पेटून उठला. उठायलाच हवा होता. बौद्ध मुलाला घर नाकारले जाते तेव्हा तसा आवाज उठत नाही, याचे एक कारण समाजाची सवय आहे, पण दुसरे कारण हेही आहे की आपल्याकडे दाखवायला बहुतेक वेळा काही नसते.

आरशात पाहण्याची वेळ

मागे एका निवृत्त बँक कर्मचाऱ्यांकडे गेलो होतो. उपनगरात त्यांचा दुसरा फ्लॅट आहे, भाड्याने द्यायचा होता. भिंतीवर तथागत आणि बाबासाहेब. चहा घेता घेता ते म्हणाले, "तुमच्या ओळखीत कोणी असेल तर पाठवा. फक्त मुसलमान नको आणि एकटी बाई नको."

मी म्हटलं, "काका, तुम्ही पहिल्यांदा शहरात आलात तेव्हा खोली कशी मिळाली होती?"

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग सांगू लागले. तीन महिने सहकाऱ्याच्या खोलीत जमिनीवर झोपले होते. पगार हातात होता, घर मिळत नव्हते.

आम्ही तिथेच कागद घेतला आणि त्यांच्या भीती लिहून काढल्या. पाचच निघाल्या, वर लिहिल्या त्याच. मुसलमान आणि एकटी बाई हे शब्द त्या यादीत कुठे बसवायचे ते त्यांनाही सांगता आले नाही. शेवटी त्यांनी तो फ्लॅट रात्रपाळी करणाऱ्या एका अविवाहित परिचारिकेला दिला. कागद पाहून, तिच्या आधीच्या मालकिणीशी बोलून, रीतसर नोंदणी करून. हे तिसरे वर्ष आहे. एकदा भाडे उशिरा आले, पगार अडकला होता म्हणून. पण तिने ते आधीच कळवले होते.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ६५ लाखांहून अधिक बौद्ध आहेत. शिक्षण आणि आरक्षणामुळे त्यातल्या एका वर्गाकडे आज स्वतःची घरे आहेत, काहींकडे दोन-दोन आहेत. आपण मालक झाल्यावर मातंग, चर्मकार, मुस्लिम, भटक्या जमातीचा मुलगा, एकटी स्त्री, पारलिंगी व्यक्ती दारात आली तर आपल्या तोंडून कोणते प्रश्न निघतात? "आपल्यातलाच हवा" हे वाक्य आपल्या तोंडी आले की ते आपोआप समतेचे होत नाही. आपल्या मुलांना आधी घर देणे ही गरज आहे, ती मी नाकारत नाही. पण दुसऱ्याला त्याच्या जन्मावरून बाहेर ठेवणे म्हणजे बडोद्याच्या त्या जमावाच्या रांगेत उभे राहणे आहे.

आपल्या हातात काय आहे

पहिले, प्रत्येक शहरात विहार आणि युवक संघटनांनी मिळून आपल्या घरमालकांची यादी करावी. घर देताना लेखी कसोट्या, नोंदणीकृत करार, पावती आणि दोन महिन्यांपेक्षा जास्त अनामत नाही, एवढी हमी त्यांनी द्यावी. अशी दहा घरेही एका जूनमध्ये पुष्कळ काम करतील.

दुसरे, भाडेकरूंनाही तयार करावे. ओळखपत्र, उत्पन्नाचा कागद, आधीच्या मालकाचे चार ओळींचे पत्र अशी एक फाइल प्रत्येक विद्यार्थ्याकडे तयार असावी. चांगला भाडेकरू म्हणून मिळालेले पत्र पुढच्या दारी कामी येते. म्हणून घर सोडताना ते स्वच्छ करून, वीजबिल भरून सोडणे हेही चळवळीचेच काम समजा.

तिसरे, शासनाकडे ठोस मागणी. डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेत मोठ्या शहरांत शिकणाऱ्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्याला वर्षाला ६० हजार रुपये मिळतात, त्यात निवासासाठी २० हजार धरलेले असतात. म्हणजे वसतिगृहात जागा नाही, तुम्ही बाजारात खोली घ्या, असे सरकारच सांगते. मग त्या बाजारात जात पाहून दार बंद होणार नाही, याची जबाबदारीही सरकारचीच आहे. राज्याच्या भाडे कायद्यात जात, धर्म, लिंग, आहार, वैवाहिक स्थिती यांवरून घर नाकारण्यास मनाई करणारे कलम हवे. जाहिरात देणाऱ्या संकेतस्थळांना आणि दलालांनाही ते लागू हवे. कसोट्या काय आहेत हे जाहिरातीतच लिहिणे बंधनकारक झाले, तर अर्धी लपवाछपवी तिथेच संपेल.

पुढच्या जूनमध्ये पुन्हा फोन वाजतील. त्यातला एखादा फोन कदाचित तुमच्याच घराच्या चौकशीचा असेल. तेव्हा पहिला प्रश्न "पूर्ण नाव?" नसावा. "कधीपासून हवंय?" असा असावा.

जयभीम. नमो बुद्धाय.